देवराईतला डबा

१

त्रिपुरी पौर्णिमेला वडाची कोंड या वाडीच्या देवराईत दिवे लागतात. खाली उमरठच्या रस्त्यावरूनही ते दिसतात. दोन हजार सहा साली ते दिसले नाहीत.

अंधारायला लागलं तशी गोदूबाई काठी टेकत वर चढली. तिचा नवरा सोनबा सकाळी न्याहारी करून देवराई झाडायला गेला होता. दुपारी जेवायला आला नाही, तेव्हा तिला वाटलं, सणाचा दिवस आहे, काम जास्त असेल.

दगडाच्या लहानशा देवळीसमोर पणत्या ओळीने मांडलेल्या होत्या. तेलाची बाटली होती, वाती होत्या. सोनबा नव्हता. गोदूबाईने चारी दिशांना हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. ती खाली येऊन शेजाऱ्यांना गोळा करत होती, तेवढ्यात तिचा मुलगा महादू पोलादपूरहून परतला. बॅटरी घेऊन तो वर गेला आणि थोड्याच वेळात त्याने हाक दिली.

मोठ्या जांभळीच्या मागे छातीएवढा खोल खड्डा होता. वर फांद्या आणि पाचोळा अंथरलेला. झाडता झाडता सोनबाचा पाय त्यावर पडला होता. मांडीचं हाड मोडून तो दिवसभर आत पडून राहिला होता आणि आता बेशुद्ध होता.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात तो वारला. शुद्धीवर असताना एकच वाक्य तो पुन्हापुन्हा बोलला, "हितं खड्डा नव्हता."

खड्ड्याच्या कडेला, फांद्यांखाली, एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात एक वही, शिसपेन्सिल, दोन डांबरगोळ्या, प्लास्टिकचं फुलपाखरू आणि एक परदेशी नाणं होतं. नाण्यावर शिडाचं जहाज होतं. कोंडीतल्या एकाचा भाऊ कुवेतला होता, त्याने नाणं ओळखलं.

गुप्तधनासाठी कुणीतरी देवराई खणली, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या बाजारात पोचली. कुवेतहून परत आलेला, हातात यंत्र घेऊन डोंगर हिंडणारा महाडचा एकच माणूस सगळ्यांना माहीत होता. आणि त्याची जीप दिवाळीच्या आसपास कोंडीच्या वाटेवर दिसली होती.

२

सोनबाच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी बुशरा करबेलकर गंगाधर कोंडकरांच्या घरी आली. ती महाडच्या एका शाळेत गणित शिकवायची. युसुफ करबेलकर तिचे वडील.

गंगाधर भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी या दोन तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या होत्या आणि भावाभावांची बांधावरची भांडणं ऐकली होती. निवृत्तीनंतर युसुफने त्यांना एका खेळाची गोडी लावली. युसुफ कुवेतमध्ये सर्वेक्षणाच्या कंपनीत होता, तिथे तो शिकला होता. कुणीतरी एक डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्याने उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, एखादी वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं. महाडात हा खेळ खेळणारे चारच जण होते. युसुफ, गंगाधर, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक देवव्रत आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी मैथिली, जी आता औषधांच्या दुकानात होती.

खेळाला नियम होते. डबा पुरायचा नाही. जमीन खणायची नाही. मालकाच्या परवानगीशिवाय ठेवायचा नाही. पूजेच्या जागी तर नाहीच. हे नियम देवव्रत सरांनीच मराठीत उतरवून चौघांना दिले होते.

बुशराने सांगितलं ते थोडक्यात असं. वडिलांना पोलीस रोज चौकशीला बोलावतात. वागणूक वाईट नाही, पण दिवसभर बसावं लागतं. त्यांचे दोन टेम्पो गावकऱ्यांनी फाट्यावर अडवले आहेत. काल कुणीतरी एका टेम्पोची काच फोडली. डबा ज्या टोपणनावाने नोंदवला आहे ते नवीन आहे, त्यामागे कोण हे परदेशातून कळायला महिने लागतील.

"काका, अब्बांनी खड्डा खणलेला नाही," ती म्हणाली. "पण ते काहीतरी लपवताहेत. मलाही सांगत नाहीत."

३

त्या संध्याकाळी युसुफ ठाण्यातून घरी आला होता. पुढ्यातला चहा निवून गेला होता. गंगाधरांनी विचारलं नाही, ते नुसते बसून राहिले. बांधावरच्या भांडणांनी त्यांना हे शिकवलं होतं. माणूस गप्प बसायला कंटाळला की खरं बोलतो.

शेवटी युसुफ बोलला. दिवाळीआधी इंटरनेटवर त्याने तो नवा डबा पाहिला. कुणी ठेवला ते त्यालाही कळलं नाही. शोधायला म्हणून तो जीप घेऊन गेला. यंत्राचा बाण झाडीकडे वळला तेव्हा त्याला वाटेवर कुणाच्या तरी चपला काढून ठेवलेल्या दिसल्या. आत दगडाची देवळी होती.

"मी तिथूनच मागे फिरलो," तो म्हणाला. "देवाची जागा. डबा तिथे असायला नको होता, हे मला बाहेरूनच समजलं."

"मग संकेतस्थळावर का नाही कळवलं?"

युसुफने निवलेला कप बाजूला सरकवला. "गंगाधरभाऊ, मी कळवलं असतं की देवराईत डबा ठेवलाय, काढा. उद्या कुणी विचारलं असतं, तुला देवराईचं काय पडलंय, तू तिकडे गेलासच कशाला? म्हटलं, दुसरं कुणीतरी कळवेल."

लपवलेली गोष्ट ती एवढीच होती. पण पोलिसांना ही सांगितली असती, तर तो तिथे गेला होता हे सिद्ध झालं असतं आणि मागे फिरला हे सिद्ध झालं नसतं.

गंगाधरांनी नाण्याबद्दल विचारलं. युसुफ म्हणाला, कुवेतची नाणी त्याच्याकडे वाटीभर आहेत. पण डब्यात घालण्यासाठी म्हणून त्याने एकच वापरलं होतं. सव गावच्या गरम झऱ्यांपाशी त्याने स्वतः ठेवलेला डबा होता, त्यात. ते नाणं आधी बुशराच्या किल्ल्यांना अडकवलेलं होतं, म्हणून त्याला भोक होतं.

तपासाचे हवालदार गंगाधरांच्या जुन्या ओळखीचे होते. मोजणीच्या वेळी कितीदा तरी ते त्यांच्या बाजूला बंदोबस्ताला उभे राहिलेले. त्यांनी डबा दाखवला, हात न लावण्याच्या बोलीवर वहीची पानं स्वतः उलटली.

वही कोरी होती. पण पिनेने शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडीचं पान मागे सैल होतं. शेवटून दुसरं पान सैल होतं. म्हणजे पुढचं एक पान गेलं होतं. ज्यावर काही लिहिलेलं नाही असं पान कुणी फाडत नाही.

मग हवालदारांनी नाणं उजेडात धरलं. जहाजाच्या शिडाजवळ बारीक भोक होतं.

४

वडाच्या कोंडीत पोलीस पाटील गोमाजी त्यांच्याबरोबर देवराईपर्यंत आला. गंगाधरांनी चपला बाहेर काढल्या ते पाहून त्याचा चेहरा थोडा सैलावला. त्याचा राग त्याने लपवला नाही. देवराईतलं वाळकं लाकूडसुद्धा आमच्यातलं कुणी नेत नाय, तो म्हणाला, आणि ह्यांनी पोट फाडलं तिचं.

खड्डा दोरी लावून तसाच ठेवला होता. गंगाधर काठावर पोटावर झोपले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. गोमाजीला त्याचं नवल वाटलं. सगळे जण खड्डा वरून पाहून गेले होते.

खड्ड्याच्या एका कडेची वरची वीतभर बाजू वेगळी होती. तिथे खुरप्याने नीट, गोल कापलेली माती होती. मातीवर शेवाळ्याचा बारीक हिरवा थर होता, म्हणजे तिने पावसाचे शेवटचे दिवस पाहिले होते. जांभळीची दोन मुळं त्या गोलात आडवी आलेली. खणणाऱ्याने एकही तोडलं नव्हतं. दोन्ही मुळांच्या मधून हात जाईल एवढीच जागा त्याने केली होती, आणि एका मुळाखाली आधाराला चपटा दगड लावला होता.

त्याच्या खाली आणि बाकी खड्ड्यात सगळं निराळं होतं. माती कोरडी, टिकावाचे घाव उभेआडवे. मुळं जिथे आली तिथे तोडलेली, तोडलेला भाग अजून पांढरट. अगदी तळाला कातळ लागला होता आणि कातळावरही टिकावाचे ओरखडे होते.

"गोमाजी, हा खड्डा दोघांनी खणलाय," गंगाधर उठून कपडे झटकत म्हणाले. "एकाला झाडाची काळजी होती. दुसऱ्याला नव्हती. आणि दोघांत निदान महिन्याचं अंतर आहे."

गोमाजी दोरीजवळ आला. तोही वाकून पाहू लागला.

गंगाधरांना आणखी एक गोष्ट खटकली होती. एवढ्या खड्ड्यातून गाडीभर माती निघते. खड्ड्याच्या भोवती ओंजळभरही माती नव्हती.

५

तिथून ते सवला गेले. झऱ्यांच्या वाटेवरच्या दगडांच्या गडग्यात युसुफचा डबा होता तसा होता. गंगाधरांना वही उघडावीशी वाटेना, कारण त्यात काय लिहिलेलं आहे ते त्यांना ठाऊक होतं. सोनबाची बातमी ऐकल्यापासून ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आधी त्यांनी हवी ती नोंद शोधली. सतरा सप्टेंबर. मैथिली. घेतलं: कुवेतचं नाणं. ठेवलं: शिंपल्यांची माळ.

त्याच्या खाली, तारीख नसलेल्या, सुट्या ठळक अक्षरांत कुणीतरी विचारलं होतं, "नियम मोडून ठेवलेला डबा सापडला तर वर कळवावं का? ठेवणारा आपलाच माणूस असेल तर?"

आणि त्याच्या खाली निळ्या शाईत गंगाधरांचं स्वतःचं उत्तर होतं. "लगेच तक्रार नको. आधी आपसांत बोलावं. आपण चारच माणसं आहोत." खाली सही आणि तारीख, दोन ऑक्टोबर.

त्या दिवशी ते लिहून त्यांना बरं वाटलं होतं. कुणीतरी क्षुल्लक कारणावरून भांडण काढेल ते आपण टाळलं, असं.

मैथिली दुकानात एकटी होती. गंगाधरांनी काउंटरवर नाण्याची नोंद लिहिलेला कागद ठेवला. भोकाचं नाणं सवच्या डब्यातून तू घेतलंस आणि ते देवराईच्या डब्यात निघालं, तेव्हा तू तिथे जाऊन आलीस, एवढंच ते बोलले. तिने एका गिऱ्हाइकाला औषध दिलं, सुटे पैसे परत केले, मग स्टुलावर बसली.

सप्टेंबरच्या शेवटी ती तिथे गेली होती. डबा पुरलेला पाहून तिने वहीत लिहिलं, हा डबा खणून ठेवलेला आहे, जागा पूजेची आहे, कृपया काढावा. खाली सही केली, नाणं ठेवलं. पण परत येताना तिला कळून चुकलं की डबा कुणाचा आहे. मुळं न तोडता खणायला तिला ज्यांनी शिकवलं होतं, त्यांच्याशिवाय असं कुणी खणत नाही. आणि किड्यांनी वही खाऊ नये म्हणून, वाळक्या रोपट्यांत ठेवतात तशा, दोन डांबरगोळ्या.

"सरांची तक्रार कशी करू?" ती म्हणाली. "मला कॉलेजची फी भरता येत नव्हती तेव्हा सरांनी भरली. म्हणून सवच्या वहीत विचारलं. अक्षर बदलून. तुमचं उत्तर वाचलं आणि मला सुटल्यासारखं झालं, काका. मी सरांशी बोलले. ते म्हणाले, दिवाळीनंतर काढतो."

गंगाधर दुकानाच्या पायरीवर आले तेव्हा रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. त्यांना क्षणभर कुठल्या बाजूला जायचं तेच आठवेना.

६

देवव्रत सरांच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबलेली रोपटी छतापर्यंत रचलेली होती आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास होता. त्यांनी गंगाधरांना पाहिलं आणि दार लावून घेतलं.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. त्या देवराईवर त्यांनी सहा वर्षं काम केलं होतं. तिथे अशी झाडं होती, जी त्यांनी कोकणात दुसरीकडे पाहिली नव्हती. वरच्या अंगाने रस्ता होणार अशी बोलणी ऐकून ते घाबरले होते. मुंबई-पुण्याचे लोक डबा शोधायला येतील, फोटो काढतील, लिहितील, चार लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली तर देवराई वाचेल, असा त्यांचा हिशोब. स्वतःचं नाव नको म्हणून टोपणनाव घेतलं. अर्जात परवानगी आहे असं खोटं लिहिलं, डबा झाडाच्या ढोलीत आहे असंही. उघड्यावर ठेवला तर गुराखी नेतील म्हणून पुरला.

"मैथिली तुमच्याशी बोलली, त्यानंतर?"

"आठ ऑक्टोबरला गेलो. डबा काढायलाच गेलो होतो." त्यांनी वर्तमानपत्राची एक घडी नीट केली. "पुण्याची दोन मंडळी दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणाली होती. म्हटलं, त्यांचं होऊन जाऊ दे. मैथिलीचं पान तेवढं फाडलं. ते वाचून ती लोकं परत गेली असती."

ती मंडळी शेवटी आलीच नाहीत.

देवव्रत सर पुढे म्हणाले, की त्यांनी खणलं ते हातभरही खोल नव्हतं. छातीएवढ्या खड्ड्याची बातमी ऐकली तेव्हा आपण वेडे झालो की काय असं त्यांना वाटलं. आठ ऑक्टोबरला तो खड्डा तसाच, छोटाच होता, याची त्यांनी शपथ घेतली.

"शपथ नको. मी मुळं पाहिलीत," गंगाधर म्हणाले. "पण आज दहा दिवस युसुफ ठाण्यात जाऊन बसतो. आणि तुम्ही रोज वर्गावर जाता."

देवव्रत सरांनी मान खाली घातली. उद्या सकाळी स्वतः जाऊन जबाब देतो, असं ते म्हणाले. गंगाधरांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. आपसांत बोलून काय होतं ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. ते तिथेच बसून राहिले आणि सरांनी पोलिसांना फोन केल्यावरच उठले.

तरीही युसुफ सुटणार नव्हता. छोटा खड्डा देवव्रत सरांचा होता. सोनबा ज्यात पडला तो खड्डा कुणाचा, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी ते परत कोंडीत गेले आणि गोमाजीला बरोबर घेऊन माती शोधू लागले.

बाहेरून आलेला चोर माती काठावर टाकून पळतो, ते गोमाजीला समजावत होते. हा माणूस माती उचलून दूर नेत होता. वर फांद्या, पाचोळा अंथरत होता. म्हणजे त्याचं काम एका दिवसात संपणारं नव्हतं, तो पुन्हा येणार होता, आणि इथे रोज फिरणाऱ्या कुणाच्या तरी नजरेला ते पडू नये याची त्याला धास्ती होती. देवराईत रोज फिरणारा एकच होता. सोनबा.

माती त्यांना उताराच्या खाली सापडली. कापणी झालेल्या नाचणीच्या वरकस, हलक्या जमिनीच्या तुकड्याला बांध घातला होता, आणि बांधाच्या आतल्या बाजूला नवी माती पसरली होती. तांबूस, कातळाच्या चुऱ्याची. तिच्यात जांभळीच्या मुळाचे तुकडे होते. शेत कुणाचं हे गंगाधरांनी विचारलं नाही. गोमाजी खाली बसला होता आणि त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"गोमाजी, त्या संध्याकाळचं मला पुन्हा सांगा. सगळं."

गोमाजीने हळूहळू सांगितलं. गोदूबाई हाका मारून खाली आली. महादू फाट्यावरून आला. म्हातारी त्याला म्हणाली, बाबा घरला नाय आले. त्याने बॅटरी घेतली आणि धावतच सुटला. त्याच्या मागे गोमाजी आणि आणखी दोघं.

"आमी देवळीपाशी थांबलो, इकडंतिकडं बघत व्हतो. तो थांबलाच नाय. सरळ मागं गेला." गोमाजीने टोपीची कड चिमटीत धरली. "मला तवा वाटलं, लेकाचं काळीज हाय, त्याला कळतंय."

जांभळीच्या मागे एरवी कुणी जात नसे. सोनबाही नेहमी देवळीपुढेच दिवा लावून परतायचा. वर्षातून एकदा, त्रिपुरीला, तो मागची बाजू झाडायचा.

महादू अंगणात बसला होता. डोकं नुकतंच मुंडलेलं, वय तीस-बत्तीस. मुंबईला ज्या कारखान्यात होता तो बंद पडल्यावर गेल्या उन्हाळ्यात परत आलेला. गंगाधर त्याच्यासमोर बसले. दोन्ही तळहातांवर त्याने फडकी गुंडाळली होती. सरणाची लाकडं फोडताना फोड आले, असं सगळ्यांना वाटत होतं. एका फडक्याच्या कडेने कातडी दिसत होती. फोड फुटून, वाळून तिथे जाड खपली धरली होती. ती जुनी होती.

गोदूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गंगाधरांनी तिला आत जा म्हटलं नाही.

त्यांनी आवाज चढवला नाही. मुळांचं सांगितलं, मातीचं सांगितलं, बॅटरी घेऊन तो सरळ कुठे गेला ते सांगितलं. मग म्हणाले, "महादू, यातलं मी चुकीचं काय बोललो ते सांग."

महादूने फडक्याची गाठ घट्ट ओढली.

"तीन तीन मानसं येऊन गेली," महादू म्हणाला. "ती बाई मशीन धरून जांभळीभवती फिरली. मंग तो सर वाकून कायतरी करीत व्हता, कागद फाडून खिशात घातलान. मंग ती जीप. येवडी मानसं उगाच येतात काय हो? मी उकरलं तं डबा निघाला. म्हटलं ही वरची खूण. धन खाली आसंल."

दुपारी बाप गुरं घेऊन नदीकडे गेला की तो खणायचा. पाच दिवस खणलं. माती घमेल्याने बांधावर नेली, म्हणजे बापाला वाटावं की पोरगा शेताचं काम करतोय. बापाला बरंच वाटलं होतं, दोनदा त्याने तसं बोलून दाखवलं. मग कातळ लागला. पौर्णिमेच्या दिवशी महादू पोलादपूरला एका जाणत्याला विचारायला गेला होता, की कातळ लागला तर पुढे काय करायचं. मागची बाजू त्रिपुरीला झाडतात हे मुंबईच्या बारा वर्षांत तो विसरून गेला होता.

"यष्टीतून उतरलो तवा आय म्हनाली, बाबा आले नाय."

गंगाधरांनी गोदूबाईकडे पाहिलं. ती दारातून निघाली, पायरी उतरली आणि मुलाजवळ येऊन उभी राहिली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, त्याला मारलंही नाही. हातावरची फडकी सोडून तिने त्याचे तळवे पाहिले आणि फडकी पुन्हा बांधली.

"त्या महाडच्या मानसाचं टेम्पो आपल्या लोकांनी अडवल्यात," ती म्हणाली. "रोज त्याला बोलावून बसवत्यात. तुला म्हाईत व्हतं?"

महादूने होकारार्थी मान हलवली.

"साडेचारची यष्टी हाय. कपडं घाल. मी येते तुज्यासंगं."

८

त्या संध्याकाळी युसुफला सांगितलं गेलं की उद्यापासून यायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी गोमाजी स्वतः फाट्यावर जाऊन उभा राहिला आणि टेम्पो जाऊ दिले. काच फोडणाऱ्याचं नाव कुणी सांगितलं नाही. युसुफनेही विचारलं नाही.

गंगाधरांचा जबाब हवालदारांनी घेतला. सवच्या वहीतलं स्वतःचं उत्तर त्यांनी सांगितलं तेव्हा हवालदारांनी पेन खाली ठेवलं. हे गुन्ह्यात बसत नाही, हे कशाला लिहायचं, असं त्यांनी आपुलकीनेच विचारलं. गंगाधर म्हणाले, लिहा. हवालदारांनी लिहिलं.

त्यानंतर ते फुरकानच्या सायबर कॅफेत गेले. फुरकानने त्यांना संकेतस्थळ उघडून दिलं. नियमबाह्य डब्याबद्दल कळवायची सोय त्याच पानावर, डब्याच्या नावाखाली होती. तिथे टिचकी मारायला एक क्षणही लागत नव्हता. त्यांनी डबा कुठे होता, कसा पुरलेला होता, परवानगी नव्हती, तिथे एक माणूस कसा मेला, हे सगळं लिहिलं. ठेवणारा सोडून उरलेल्या तिघांना नियम मोडल्याचं आधीच माहीत होतं, दोघांना डोळ्यांनी पाहून आणि एकाला, म्हणजे लिहिणाऱ्याला, विचारलं गेलं म्हणून, हेही लिहिलं. सकाळपर्यंत डबा यादीतून गेला होता.

देवव्रत सरांवर खटला चालवायचा की नाही हे ठरायला पुढे वेळ लागला. महादूचंही तसंच. कोंडीतल्या लोकांनी खड्डा बुजवला, त्या दिवशी सर आले होते. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्यांनी मुकाट्याने पाट्या वाहिल्या, आणि तोडलेल्या मुळांवर ओल्या मातीचा लेप देऊन मगच वर माती लोटू दिली. मैथिली पुन्हा कधी खेळली नाही. युसुफ खेळला, पण महाडच्या आसपास नाही.

डिसेंबरात एका दुपारी गंगाधर परत वडाच्या कोंडीत गेले. गोदूबाई अंगणात एकटीच नाचणी पाखडत होती. ते पायरीवर बसले आणि जबाबात लिहिलेलं तिला बोलून सांगितलं. एका मुलीने विचारलं होतं, कळवू का. मी म्हटलं, नको, आधी आपसांत बोला.

गोदूबाई सूप थांबवून ऐकत होती.

"मंग तवा कळवलं आसतं तर?"

"तर डबा बहुतेक काढला गेला असता."

"भौतेक?"

तो डबा कुठला हे मला माहीत नव्हतं, हे वाक्य गंगाधरांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते खरंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"काढला गेला असता," ते म्हणाले. "महादूला उकरायला तिथे काही राहिलं नसतं."

गोदूबाईने मान डोलावली, जणू तिला एवढंच हवं होतं. तिने सुपातली नाचणी पोत्यात ओतली, सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत गेली. गंगाधर जायला उठले. ते अंगणाच्या कडेला पोचले होते, तेव्हा ती तांब्या घेऊन बाहेर आली.

"ऊन हाय," ती म्हणाली. "पानी प्या, मंग उतरा."